मुलाच्या हातून सासूबाईंचा तंबोरा फुटला. रागावले नाही, आता पुढे काय?

गच्चीतली_तुळस (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही कोथरूडला राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि सहा वर्षांचा लेक. सासूबाईंचा मिरजेचा तंबोरा आहे, त्यांच्या वडिलांनी लग्नाआधी करवून घेतलेला. आता गळा पूर्वीसारखा साथ देत नाही, पण संध्याकाळी दिवा लावला की थोडा वेळ तरी त्या तो घेऊन बसतातच. एरवी गवसणी (कापडी खोळ) घालून दिवाणखान्याच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवलेला असतो.

शनिवारी बाहेर धो धो पाऊस, त्यामुळे लेकाचं आणि शेजारच्या मित्राचं घरातच क्रिकेट. घरात चेंडू खेळायचा नाही हे त्याला पक्कं माहीत आहे, पण "हळू टाकला तर चालतं" असा पोटनियम दोघांनी परस्पर केला होता. कॅच घ्यायला मागे मागे गेला आणि तंबोऱ्यासकट खाली. तंबोऱ्याचा खालचा भोपळा एका बाजूने फुटलाय. एक मोठी कपची आत गेली आहे, आजूबाजूला चिरा. लेकाला लागलं नाही.

मी स्वयंपाकघरातून धावत आले तर हा गवसणीवर हात दाबून बसलेला, जणू दाबून धरलं की फुटायचं थांबेल. मी ओरडले नाही. कुठे लागलंय का ते पाहिलं, मित्राला त्याच्या घरी पोहोचवलं, तंबोरा हलवला नाही. सासूबाई देवळातून आल्या, गवसणीची नाडी सोडून आत हात फिरवला, "बरं" एवढंच म्हणाल्या आणि खोलीत गेल्या. तेव्हापासून त्याच्याशी बोलतात, जेवायला वाढतात, पण दिवा लावल्यावर कोपऱ्याकडे पाठ करून बसतात.

सासरे म्हणतात, "एक धपाटा तिथल्या तिथे बसला असता तर प्रकरण मिटलं असतं." नवरा म्हणतो, "तू इतकी शांत राहिलीस की त्याला काही वाटलंच नाही." आणि ज्याला काही वाटलं नाही म्हणतात तो रात्री पांघरुणातून विचारतो, "आई, आजीचा तंबोरा किती रुपयांचा होता?" मी अजून उत्तर दिलेलं नाही.

न रागावणं जमलं. पण त्याच्या पुढचं काय करायचं असतं? आणि तंबोरा दुरुस्त होतो का, हेही कोणाला माहीत असेल तर सांगा.

कांदेपोहे_जास्त_शेंगदाणे

ओरडली नाहीस याबद्दल साष्टांग दंडवत. माझा आवाज आमच्या मजल्यावरून पार्किंगमध्ये ऐकू जातो असं वॉचमनदादा सांगतात. वाचतेय.

तिरकीटधा

आधी तंबोऱ्याचं सांगतो, कारण त्यात वेळ जाऊ देणं बरं नाही.

तारा उतरवल्यात का? नसतील तर हे वाचून झाल्याझाल्या उतरवा. चारही सैल करा, पण काढू नका. भोपळा फुटला की तबलीचा, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेल्या लाकडी झाकणाचा, खालचा आधार गेलेला असतो. वरून तारांचा ताण तसाच राहिला तर तबली दबते, दांडीचा जोडही ढिला होऊ शकतो, आणि मग काम दुपटीने वाढतं. दुसरं, सगळे तुकडे, अगदी नखाएवढी कपचीसुद्धा, एका डब्यात ठेवा. गवसणी गॅलरीत नेऊन झटकू नका, वर्तमानपत्रावर पालथी करा. तिसरं, फेविक्विक वगैरे घरगुती डॉक्टरी अजिबात नको. फुटलेल्या कडा त्याने भरून गेल्या की कारागिराला तुकडे नेमके बसवता येत नाहीत.

भोपळा दुरुस्त होतो, घाबरू नका. तुकडे जुळवून सांधतात, आतून कापड चिकटवून बळकटी देतात, वरून चिरा भरून, घासून लाखेचं पॉलिश करतात. आत हात जायला तबली उघडावी लागू शकते. ती परत बसवली की घोडीची (तारा जिच्यावर टेकतात ती) जवारीही पुन्हा लावून, म्हणजे नाद नीट खुलावा म्हणून घोडी घासून घ्यावी लागेल, त्याचे पैसे वेगळे, आधीच विचारून ठेवा. फारच चुरा झाला असेल तर भोपळाच बदलतात. हे भोपळे भाजीचे नव्हेत, कडू आणि जाड सालीचे असतात, पंढरपूरकडून मिरजेत येतात आणि वाळवून, मुरवून वापरले जातात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यांच्यामागून कितीएक गवयी तंबोऱ्यासाठी तिकडे जात राहिले, ते उगाच नाही. पुण्यातही चांगले दुरुस्ती करणारे आहेत, आधी त्यांना दाखवा. नाहीच जमलं तर कोयना एक्सप्रेस आहेच.

एक लक्षात ठेवा. भोपळा बदलला की आवाज बदलतो, सांधलेला जुना भोपळा सहसा जुन्या आवाजाच्या जवळ राहतो. सांधायचा की बदलायचा, हे सासूबाईंनी ठरवायचं. तुम्ही नाही, तुमच्या यजमानांनी तर नाहीच नाही.

पेठेतलाजुना

मुलगा नियम मोडतो, पिढीजात वस्तू फोडतो आणि चर्चा कशाची, तर आईने पुढे काय करावं. आमच्या वाड्यात एक चौक आणि चौकाभोवती बिऱ्हाडंच बिऱ्हाडं. काच फुटली की कोणी फोडली याची चौकशी व्हायची नाही, जो हाताला लागेल त्याला प्रसाद. त्यातून आम्ही काय बिघडलो? हल्ली "इट्स ओके बेटा" म्हणायची साथ आली आहे. चाळीस-पन्नास वर्षं जपलेली वस्तू गेली, तर ओके कसं? सासऱ्यांशी सहमत. कृहघ्या (कृपया हलके घ्या).

रात्रपाळी

काका, जो हाताला लागेल त्याला प्रसाद, यातून फोडणारा काय शिकायचा? पळायला? (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या)

पेठेतलाजुना

पळताही यावं लागतं. दिवे घेतले.

बालवाडीताई

बालवाडी आणि पहिली-दुसरीच्या मुलांत आयुष्य गेलं, म्हणून लांबण लावतेय.

तुळस, त्या किमतीच्या प्रश्नाशी मी थबकले. झाँ पियाजे नावाचे स्विस मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी १९३२ मध्ये मांडलेला एक प्रयोग डी.एड.-बी.एड. केलेल्या कोणालाही आठवेल. ते मुलांना दोन गोष्टी सांगायचे. एका मुलाला जेवायला हाक मारतात, तो दार ढकलून आत येतो. दारामागे खुर्चीवर कपांचा ट्रे आहे हे त्याला माहीतच नसतं, १५ कप फुटतात. दुसरा मुलगा आई घरी नसताना कपाटातला जॅम चोरून खायला चढतो आणि त्यात १ कप फुटतो. सांगा, जास्त वाईट कोण? मोठी मुलं म्हणतात, जॅमवाला. पण सहा-सात वर्षांपर्यंतची बरीच मुलं म्हणायची, पहिला, कारण त्याने १५ फोडले! पुढच्या संशोधकांनी दाखवून दिलं की हेतू नीट उलगडून सांगितला तर पियाजेंना वाटलं त्यापेक्षा लवकर मुलांना तो कळतो. म्हणजे कोणीतरी उलगडून सांगायला मात्र हवं. तसं कोणी सांगितलं नाही तर मूल फुटलेल्या ढिगावरूनच हिशोब करतं.

तुझा लेक सध्या तेच करतोय. किंमत विचारतोय ती तंबोऱ्याची नव्हे, आपण किती वाईट आहोत त्याची. मोठा आकडा सांगितलास तर तेवढा वाईट. "काही नाही रे, जुनाच तर होता" म्हणालीस तर ते धडधडीत खोटं, आजीची पाठ त्याला रोज दिसतेय. आजी गप्प आहे याचाही तो त्याच्या परीने आकडाच लावत असणार.

मी असते तर दोन गोष्टी वेगवेगळ्या काढून त्याच्यापुढे ठेवल्या असत्या. "तू तंबोरा पाडायला गेला नव्हतास, कॅच घ्यायला गेला होतास. तंबोरा चुकून फुटला. पण घरात चेंडू नको हे ठरलेलं होतं, ते चुकून झालं नाही." तंबोऱ्याबद्दल शिक्षा नाही. चेंडूबद्दल मात्र परिणाम आहे, चेंडू माळ्यावर. किती दिवस ते दोघांनी मिळून ठरवा आणि ठरलं तेवढेच दिवस ठेवा, राग आला म्हणून वाढवू नका. यजमानांना वाटतं की शांत राहिलं म्हणजे सोडून दिलं. सोडून कुठे दिलंय? घाईने निकाल लावला नाही, इतकंच.

आणि "जा, आजीला सॉरी म्हण" असं ढकलू नकोस. त्या वयात "सॉरी" हा सुटकेचा मंत्र होतो, म्हटला की खेळायला मोकळे. त्याला काहीतरी करू दे. दुरुस्तीला घेऊन जा.

सिंहगडरोडची_आई

ताईंना अनुमोदन. आमच्याकडे तीन वर्षांच्या कन्येने टीव्हीवरच्या माकडाला केळं दिलं, म्हणजे खेळण्यातलं लाकडी केळं, लांबून फेकून. पॅनेल गेलं. आपटल्या-आदळल्याचं नुकसान वॉरंटीत बसत नाही आणि पॅनेल बदलायचा खर्च ऐकला की नवीनच घेतलेला परवडतो. तीन वर्षांच्या पोरीला काय समजावणार? माकडाला भूक लागली होती, तिच्या बाजूने बरोबरच होतं ते. नवा टीव्ही भिंतीवर उंच लावला. इतक्या लहान मुलांच्या बाबतीत धीर वगैरे फार बोलू नये, स्क्रू आणि ब्रॅकेट बोलावं.

अनुस्वार

धपाट्याबद्दल एक मुद्दा. व्हिक्टोरिया टॅलवर आणि कांग ली या मानसशास्त्रज्ञांचा २०११ मधला अभ्यास आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांतली तीन-चार वर्षांची मुलं, एका शाळेत मारायची पद्धत, दुसरीत नाही. मुलाला सांगायचं, मागे ठेवलेल्या खेळण्याकडे वळून बघू नकोस, आणि खोलीतून बाहेर जायचं. बहुतेक मुलं बघतातच. मग विचारायचं, बघितलंस का? मारणाऱ्या शाळेतली मुलं जास्त प्रमाणात खोटं बोलली, आणि ते खोटं पुढच्या प्रश्नांतही जास्त सफाईने टिकवून धरलं.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या आत्याचं घर आठवलं. दिवाळीच्या सफाईत माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेमागे जुन्या टॉवेलात गुंडाळलेले चिनीमातीच्या बरणीचे तुकडे निघाले. बरणी हरवली म्हणून आत्याने मोलकरणीवर संशय घेतला होता, बाईचं काम गेलं होतं. पोराला बोलायचं धाडस झालं नाही, कारण त्या घरात पट्टा खुंटीला टांगलेला असायचा. तुळसच्या लेकाने फुटलेलं लपवलं नाही, तिथेच बसून राहिला. हे तिच्या सासऱ्यांच्या नजरेला आणून द्यायला हवं.

पेठेतलाजुना

बरणीचा विषय निघालाच म्हणून. आमच्या आईची लोणच्याची मोठी बरणी थोरल्या भावाने फोडली, मार मला बसला. भाऊ आता सत्तरीला आला, अजून कबूल करत नाही. दर वर्षी कैरीचं लोणचं घातलं की मी विषय काढतो आणि तो म्हणतो, "मांजर होतं."

रात्रपाळी

काका, तुम्ही अनुस्वारचा मुद्दा सिद्ध करताय हे लक्षात येतंय ना?

पेठेतलाजुना

येतंय. तरी मत बदललेलं नाही. पोराला काही तरी चटका बसायला हवा. तो धपाट्याचाच हवा असं नाही, एवढं मान्य.

हिराबागेजवळ

पैशाच्या किमतीपेक्षा वाईट एक किंमत असते, अपशकुनाची. आमच्याकडे शाडूच्या गणपतीचं आसन चतुर्थीच्या आदल्या रात्री पुतणीने हौसेने सजवायला घेतलं आणि मूर्तीचा हात तुटला. घरात सन्नाटा. एक मावशी बोलून गेल्या, "वर्ष कसं जाणार कोण जाणे." आठ वर्षांची पोर, त्यानंतर घरात कोणाला साधा ताप आला तरी तिचा चेहरा उतरायचा.

शेवटी पूजेला येणाऱ्या गुरुजींनीच तिला समोर बसवून सांगितलं. प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती मातीची मूर्ती असते, भंगली तर दुसरी आणतात आणि पूजा करतात, हे आधीपासून चालत आलंय, तुझ्यासाठी नवीन काढलेलं नाही. मग दुसरी मूर्ती आणायला तिलाच सोबत नेलं. पण मावशींचं ते वाक्य पुसायला फार वेळ लागला. आरसा फुटला, समई पडली, कुंकवाचा करंडा सांडला, की मुलांसमोर शकुन-अपशकुन बोलू नका हो. फुटलेली वस्तू एकदाच फुटते, हे मात्र वर्षभर फुटत राहतं.

कांदेपोहे_जास्त_शेंगदाणे

हे पटलं. आमच्याकडे तर दूध उतू गेलं तरी कॅलेंडर बघतात.

डब्यातली_पोळी

तंबोऱ्याला लागू नाही, पण काचेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. काच फुटली की आधी मूल उचलून पलंगावर ठेवा आणि पायात चपला घाला, मग बोलणी. मोठे तुकडे जाड वर्तमानपत्रात. बारीक चुरा केरसुणीने सगळा निघत नाही, ओल्या कागदाने किंवा कणकेच्या गोळ्याने टिपून घ्या आणि तो गोळा फेकून द्या. मग दिवे बंद करून बॅटरी जमिनीलगत आडवी धरा, राहिलेला कण चमकतो. पुडक्यावर मोठ्या अक्षरात "काच" लिहून द्या म्हणजे कचरा घेणाऱ्या ताईंचा हात कापणार नाही. हे "काच" लिहायचं काम आमच्याकडे ज्याच्या हातून फुटलं त्याच्याकडे असतं. पहिलीतल्या पोराने काना विसरून "कच" लिहिलं होतं, ताईंना कळलं.

गच्चीतली_तुळस

सगळ्यांना धन्यवाद. तारा काल रात्रीच उतरवल्या, तुकडे स्टीलच्या डब्यात ठेवलेत. बालवाडीताई, तुमची दोन वाक्यं जवळजवळ तशीच म्हटली. तो म्हणाला, "मग चेंडूचं किती वाईट?" मी म्हटलं, "चेंडूचं चेंडूएवढं." चेंडू माळ्यावर गेला. मुदत त्याने सांगितली ती माझ्या मनातल्यापेक्षा जास्त होती, मी कमी करून घेतली.

पण सासूबाईंचं काय करू कळत नाही. नवरा त्यांना म्हणाला, "आई, वस्तूच आहे शेवटी, पोराला लागलं नाही हे नशीब." त्या "हो ना" म्हणाल्या. ते "हो ना" मला आवडलं नाही.

मधुमालती

मी दोन नातवंडांची आजी आहे, म्हणून मध्ये बोलते.

इतके प्रतिसाद झाले, सगळे मुलाचं बोलतात. त्याला धक्का बसू नये, त्याचं मन दुखू नये. अगदी बरोबर. पण वस्तू कोणाची गेली? त्या बाईच्या वडिलांनी करवून घेतलेली, माहेराहून तिच्याबरोबर आलेली, बहुधा एवढी एकच गोष्ट तिच्यापाशी असेल. तिला "वस्तूच आहे" सांगणारा मुलगा आणि "लागलं नाही ना" म्हणणारं घर. मग तिने दुःख कुठे करायचं? म्हणून ती पाठ करून बसते.

आमच्या यजमानांचं एचएमटीचं किल्लीचं घड्याळ होतं. यजमान गेल्यावर मी रोज सकाळी किल्ली द्यायचे, हातात घालत नव्हते, नुसती किल्ली. नातवाने ते बादलीत पोहायला सोडलं. सगळे माझ्याभोवती, "असू दे हं आजी, लहान आहे." मी काय त्याला फाशी देणार होते? लहान आहे हे मलाही दिसत होतं. मला एवढंच हवं होतं की कोणीतरी म्हणावं, फार वाईट झालं. ते अखेर आमच्या सुनेने म्हटलं, दुपारी, कोणी नसताना. मग मी रडले आणि संध्याकाळी नातवाला मांडीवर घेऊन सांगितलं, "हे आजोबांचं होतं, मला वाईट वाटलंय, तुझ्यावर राग नाही." चार वर्षांचं पोर, त्याने माझे डोळे पुसले आणि विचारलं, "आजोबांना सांगायचं का?" झालं, पुढे काही करावं लागलं नाही.

तर तुळसताई, तू सासूबाईंना समजावू नकोस. विचार, तो तंबोरा कसा आला, कोणी आणला, पहिल्यांदा कधी वाजवला. आणि त्यांना नातवासमोर वाईट वाटून घेऊ दे. "मला वाईट वाटलं" म्हणजे रागावणं नव्हे. मुलांना ते झेपतं. न झेपणारं काय असतं, तर सगळे गोड बोलतात आणि कोणीच काही सांगत नाही.

बालवाडीताई

मधुमालतीताई, हे मी लिहायला हवं होतं. हात जोडले.

अनुस्वार

+१. धीर फक्त मुलासाठी ठेवायचा आणि म्हातारीला लगेच सावरायला लावायचं, हे अनेक घरांत चालतं.

पेठेतलाजुना

इथे मात्र पूर्ण सहमत. हे मी सासऱ्यांना वाचून दाखवलं असतं.

गच्चीतली_तुळस

थोडं लिहिते, डोळे भरलेत म्हणून चुका होतील.

काल नवरा आणि सासरे बाहेर गेल्यावर सासूबाईंना विचारलं. बोलल्या. त्यांचे वडील पोस्टात होते, हप्त्याने पैसे दिले होते, आणि मिरजेहून आणताना रेल्वेत स्वतः उभे राहून तंबोऱ्याला बाकावर जागा दिली होती. हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. लेक दारात उभा राहून ऐकत होता हे आम्हाला नंतर कळलं.

आज तिघं मिळून पेठेतल्या एका कारागिरांकडे जाऊन आलो. तुकड्यांचा डबा लेकाने दोन्ही हातांनी धरला होता, रिक्षात मांडीवरून खाली ठेवला नाही. कारागिरांनी तो मोठ्या माणसाकडून घ्यावा तसा त्याच्याकडून घेतला. मग त्याला जवळ बोलावून भोपळ्यावर टिचकी मारून दाखवली. चांगल्या बाजूला खणखणीत वाजतं, चिरेजवळ बद्द. "कुठपर्यंत बद्द वाजतंय ते तू शोध," म्हणाले. हा कान लावून टिचक्या मारतोय आणि ते त्याने सांगितलेल्या जागी खडूने खुणा करतायत. आम्हाला डोळ्यांनी दिसत होती त्याच्या बऱ्याच पुढेपर्यंत चीर गेलेली निघाली.

मध्येच लेकाने विचारलं, "चल रे भोपळ्यामधला भोपळा असाच होता?" सासूबाई म्हणाल्या, "असाच. फक्त त्यातली म्हातारी आत बसली होती, ही बाहेर बसलीय." शनिवारनंतर पहिल्यांदा त्या आपणहून काही बोलल्या.

सांधायचं ठरलंय, बदलायचा नाही. तबली उघडावी लागणार आहे आणि आवाजात थोडा फरक पडेल अशी कल्पना कारागिरांनी आधीच दिली आहे. तिरकीटधा, जवारीचे पैसे वेगळे, हे विचारून घेतलं, आभार. खर्चाचा आकडा कारागिरांनी लेकासमोर न सांगता चिठ्ठीवर लिहून दिला, मी सांगितलंही नव्हतं. लेकाने "सॉरी" अजून म्हटलेलं नाही. सासऱ्यांचं मत अजून धपाट्याचंच आहे, पण आज डबा कुठे ठेवायचा यावर ते आणि नातू बराच वेळ चर्चा करत होते.

तिरकीटधा

खडूच्या खुणा वाचून फार बरं वाटलं. चांगल्या हातात पडलाय. परत आला की लगेच पूर्ण सुरात चढवू नका, आधी खालच्या सुरात ठेवा आणि हळूहळू वर न्या. आणि कोपऱ्यात टेकवून ठेवू नका, चुंबळीवर किंवा गादीवर आडवा ठेवा, नाहीतर भिंतीत अडकवण केलेली असेल तर उत्तम. मूल असो नसो, टेकवलेला तंबोरा कधीतरी पडतोच.

सिंहगडरोडची_आई

धागा जरा पळवतेय, माफी असावी. टीव्हीवालीचा भाऊ, वय दहा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये क्रिकेट, आणि वरच्या मजल्यावरच्या काकांच्या गाडीच्या पुढच्या काचेला तडा. हा स्वतः जाऊन सांगून आला, त्याबद्दल आम्ही खूश. पण काका पैसे घ्यायलाच तयार नाहीत. "लहान आहे, चालायचंच, मी इन्शुरन्समधून करून घेईन" म्हणतात. सोडून द्यावं का? आणि मुलाच्या खाऊच्या पैशांतून काही घ्यावं का?

रात्रपाळी

सोडून देऊ नका. गाड्यांच्या विम्याशी माझं रोजचं काम आहे म्हणून सांगतो. सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर काचेवर घसारा (वस्तू जुनी झाल्याची वजावट) कापत नाहीत, त्यामुळे लोकांना वाटतं फुकटात झालं. पण बहुतेक पॉलिसींत क्लेम केला की नूतनीकरणाच्या वेळचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. म्हणजे काका न बोलता पुढच्या हप्त्यात पैसे भरणार. कित्येकदा काचेचं बिल त्या बोनसच्या आसपासच असतं, मग क्लेम न केलेलाच बरा. त्यांना विचारा गाडी कुठल्या गॅरेजला देणार, आणि बिल तिथे परस्पर भरा. पुढची काच दोन थरांची असते, तडा गेला तरी गळून पडत नाही, म्हणून लोक तशीच चालवतात. तसं करू देऊ नका, तडा वाढतो.

बालवाडीताई

दहा वर्षांच्याला पैसे कळतात, तंबोऱ्यावाल्या सहा वर्षांच्यासारखं नाही. थोडी रक्कम त्याच्या डब्यातून घ्यायला हरकत नाही, पण किती ते त्यालाच विचारा आणि सगळा डबा रिकामा करू नका. गॅरेजला मात्र त्याला न्या.

पेठेतलाजुना

पार्किंगमध्ये खेळू नका असा फलक सोसायटीत लावलेला असेलच. आमच्या पेठेत असता तर काकांनी त्या फलकाखाली उभं करून फोटो काढला असता. पैसे नको म्हणणारे काका नक्की पुण्याचेच ना?

सिंहगडरोडची_आई

रात्रपाळी, ताई, धन्यवाद. उद्या बिल परस्पर भरते, लेकाला घेऊन जाते. रक्कम त्याने ठरवली आहे, डब्यातले अर्धे, त्यातही सुटे तो मोजून देणार आहे.

काका मूळचे नागपूरचे.